वादळानंतरचं मतदान: नियम कोणी ठरवायचे आणि कधी?

सुपारीबाग, श्रीवर्धन

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आमच्या डोक्यावरून गेलं. बागा आडव्या झाल्या, वीज यायला कित्येक दिवस लागले, शाळेचे पत्रे उडाले. त्याच शाळेत आमचं मतदान केंद्र असतं. तेव्हापासून एक प्रश्न डोक्यातून जात नाही. त्याच पंधरवड्यात मतदान असतं, तर केंद्र कुठे हलवायचं, तारीख किती पुढे न्यायची, कुठल्या तालुक्याला सवलत द्यायची, हे कोणी ठरवलं असतं?

अमेरिकेत फ्लोरिडामध्ये हे घडून गेलंय. १० ऑक्टोबर २०१८ ला मायकल वादळ धडकलं, निवडणूक महिन्यावर. आठ काउंट्यांसाठी (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी) मतदानाचे नियम शिथिल करणारा आदेश गव्हर्नर, म्हणजे आपल्या मुख्यमंत्र्यासारखे, रिक स्कॉट यांनी काढला, आणि तेच त्या निवडणुकीत सिनेटचे, म्हणजे तिथल्या संसदेच्या वरच्या सभागृहाचे, उमेदवार होते! सुमारे दहा हजार मतांनी ते जिंकले. २०२२ मध्ये इयन वादळानंतर गव्हर्नर डिसँटिस यांनी शार्लट, ली आणि सॅरासोटा या तीन काउंट्यांना सवलत दिली. तिन्ही त्यांच्या, म्हणजे रिपब्लिकन, पक्षाकडे झुकणाऱ्या. विरोधकांचा जोर असलेल्या ऑरेंज काउंटीतही पूर आला होता, ती यादीबाहेर राहिली. डिसँटिसही तेव्हा उमेदवारच होते. निकाल चोरला असं माझं म्हणणं नाही. पण उमेदवाराने मतदानाचे नियम ठरवू नयेत.

माझं मत: निकष वादळाआधीच लिहून ठेवा. किती केंद्रं निकामी, किती रस्ते बंद, किती माणसं निवाऱ्यात. ठरलेला आकडा ओलांडला की सवलत आपोआप लागू, तालुका कोणाचाही असो.

वाशिष्ठीकाठ, चिपळूण

दादा, अर्धीच गोष्ट सांगितलीत. स्कॉट यांच्या त्या आठ काउंट्यांत गॅड्सडेनही होती, आणि ती विरोधी डेमोक्रॅट पक्षाची पक्की. वादळ पक्ष बघून येत नाही. एखाद्या भागाला सवलत दिली की कोणाचा तरी फायदा होणारच. म्हणून 'फायदा कोणाला' हा प्रश्नच सोडा. माणसाला मत देता आलं का, एवढंच बघा.

आणि आकड्यांचं म्हणाल तर २२ जुलै २०२१ चा पूर आठवा. आमच्या शाळेची इमारत जागेवर उभी होती, म्हणजे कागदोपत्री केंद्र 'सुस्थितीत'. आत गुडघाभर चिखल. घरोघरी ओळखपत्रं, आधार, रेशनकार्ड सगळं भिजून लगदा. तुमच्या निकषात आम्ही बसलो असतो का? आकडा भरणार कोण? पंचनामा करणाराच ना? पंचनाम्यात काय राहतं आणि काय सुटतं, हे कोकणात कोणाला शिकवायला नको. जागेवरच्या अधिकाऱ्याला मोकळीक द्या आणि सवलत सढळ हाताने द्या.

महाडकरीण

'सढळ हाताने' या शब्दाची मला भीती वाटते. मायकलनंतरच्या त्या आदेशात केंद्रं कमी करून एकत्र करायचीही मुभा होती. पुढे अभ्यासकांनी तपासलं, तर जिथे मतदारांना जास्त लांब जावं लागलं तिथे मतदान घसरलेलं दिसलं. म्हणजे सवलत म्हणून जे दिलं, त्यानेच काहींचं मत गेलं.

आमच्याकडची वाडी डोंगरावर, केंद्र खालच्या गावात. दरडीने रस्ता तुटला, एसटी बंद झाली आणि केंद्र आणखी दोन गावं पलीकडे नेलं, तर कोण पोहोचणार? ज्याच्याकडे गाडी आहे तो, किंवा ज्याला एखादा पक्ष गाडीत घालून नेईल तो. दरडीखाली गेलेल्या तळिये गावातल्या वाचलेल्या माणसांना कंटेनरच्या घरांत राहावं लागलं. अशा माणसांचं केंद्र त्यांच्यामागे गेलं पाहिजे. केरळात वायनाडला २०२४ च्या पोटनिवडणुकीत दरडग्रस्तांसाठी मोफत बस ठेवल्या होत्या. गाडी सरकारी असली की उमेदवाराच्या उपकाराचा प्रश्न येत नाही.

गुहागरचा चाकरमानी

आपल्याकडे तारीख मुख्यमंत्री ठरवत नाहीत, आयोग ठरवतो. मे २०१९ मध्ये फनी वादळाआधी आयोगाने ओडिशाच्या ११ जिल्ह्यांत आचारसंहिता शिथिल केली, म्हणजे मदतकार्य अडू नये. तिथल्याच पाटकुरा मतदारसंघाचं मतदान १९ मे वरून २० जुलैला नेलं. भीती कशाची?

सुपारीबाग, श्रीवर्धन

भीती आयोगाचीच नाही, ऐनवेळी ठरवण्याची आहे. करोनात जून २०२० ला टपाली मतदानाची वयोमर्यादा ६५ वर आणली. पक्षांना विचारलं नाही म्हणून विरोधकांनी हरकत घेतली, आणि महिन्याभरात आयोगाने जाहीर केलं की बिहारमध्ये ती लागू करणार नाही. आधीच सगळ्यांना बसवून ठरवलं असतं तर?

आणि तारीख पुढे नेणं हे सरळ दिसतं तसं नाही. आपल्या गावांत कितीतरी नावं यादीत गावची आणि माणसं मुंबईत. तारीख गणपतीच्या तोंडावर ठेवली तर चाकरमानी घरी असतात. भर लावणीत ठेवली, तर मुंबईहून बस सोडणाऱ्या पक्षाचीच माणसं येतात. तीन आठवड्यांच्या फरकाने ग्रामपंचायत पलटते, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

गुहागरचा चाकरमानी

हे खरं आहे. मी स्वतः अशा बसने गेलोय. मत माझं मीच दिलं, पण बस कोणाची होती ते सगळ्या वाडीला माहीत होतं.

वाशिष्ठीकाठ, चिपळूण

मग माझंही थोडं बदलतो. २०२४ ला हेलीन वादळानंतर नॉर्थ कॅरोलायनाच्या निवडणूक मंडळाने १३ काउंट्यांसाठी नियम सैल केले, ते एकमताने. मंडळावर दोन्ही पक्षांची माणसं होती. पुढे विधिमंडळाने ती यादी २५ वर नेली. अधिकाऱ्याला मोकळीक हवीच, यावर मी ठाम आहे. पण त्याचा निर्णय त्याच दिवशी तहसीलच्या फलकावर कारणासकट लागावा आणि सगळ्या पक्षांच्या सह्या त्याच्याखाली असाव्यात.

महाडकरीण

सही नाकारून एखादा पक्ष अडवून धरेल, त्याचं काय? आमची वाडी तोवर थांबणार का? सह्या घ्या, पण केंद्र जवळ आणण्यासाठी सहीची अट नको. दूर नेण्यासाठी मात्र हवीच.

सुपारीबाग, श्रीवर्धन

ताई, हे मला मान्य आहे. जवळ आणायला मोकळीक, दूर न्यायला आणि तारीख हलवायला सह्या. माझ्या आकड्यांत आता 'इमारत उभी, पण आत चिखल' हाही निकष घालतो. तहसीलदारांना द्यायचा अर्ज या रविवारी लिहायला बसतोय. चिपळूण आणि महाडकडून कोणकोणत्या केंद्रांची नावं घालू, ते कळवा.