‘इमोजी’ला ‘भावचिन्ह’ म्हणावे का?

प्रश्नकर्ती : एका मदतपानाचे भाषांतर करताना ‘इमोजी शोधा’ या बटणावर अडले आहे. मी ‘भावचिन्ह शोधा’ असे लिहिले होते. परंतु ‘छत्री आणि किल्ली यांना कोणता भाव असतो?’ असा शेरा मारून तपासनिसांनी मजकूर परत पाठवला. शिवाय पुढच्या वाक्यात ‘निवडलेला इमोजी’ म्हणावे, ‘निवडलेली’ की ‘निवडलेले’, हेही ठरत नाही.

शब्दवेडा : शेरा रास्त आहे. हा शब्द जपानी असून ‘ए’ म्हणजे चित्र आणि ‘मोजी’ म्हणजे अक्षर. ‘इमोशन’शी त्याचे साम्य निव्वळ योगायोगाचे. ‘भावचिन्ह’ शोभते ते इमोटिकॉनला, म्हणजे अपूर्णविराम, संयोगचिन्ह आणि कंस यांच्या त्या आडव्या हसऱ्या चेहऱ्याला, जो संगणकशास्त्रज्ञ स्कॉट फालमन यांनी १९८२ साली सुचवला. इथे ‘चित्राक्षर’ घ्यावे. ते नपुंसकलिंगी असल्याने दुसरी अडचणही सुटते.

साधीभाषा : ‘चित्राक्षर’ हा शब्द घेऊन शोधायला कोण येणार? तपासनिसांच्या किल्लीला आपण पोर्तुगीज ‘चावी’ बिनतक्रार म्हणतो, मग जपानी ‘इमोजी’नेच काय बिघडवले? आमच्या घरात मी ‘तो इमोजी’ म्हणतो, मुलगी ‘ती’ म्हणते आणि आई छत्रीलाही ‘स्मायली’ म्हणते. तरी निरोप पोहोचतात.

टंकयात्री : ‘अक्षर’ हे तांत्रिकदृष्ट्याही खरे आहे. २०१० साली युनिकोडच्या, म्हणजे संगणकावरील प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या प्रमाणाच्या, ६.० आवृत्तीत शेकडो इमोजींना अक्षरांप्रमाणेच संकेतांक मिळाले. जोडलेल्या हातांचा दशमान संकेतांक १२८५९१ आहे. वेबपानाच्या संहितेत अँपरसँड (&), हॅश (#), हा आकडा आणि शेवटी अर्धविराम लिहिला की ते चित्र उमटते. गंमत अशी, की ‘दऱ्या’तला र टंकताना लागणारा शून्य रुंदीचा अदृश्य जोडकच कुटुंबाच्या इमोजीतले सुटे चेहरे सांधतो. ते चित्र म्हणजे चक्क जोडाक्षर आहे!

शब्दवेडा : जोडाक्षराची उपमा मान्य, मात्र ‘दऱ्या’ लिहिताना मी जोडक कधीच वापरत नाही. नुक्त्याचा ऱ, हलन्त आणि य एवढे पुरते.

टंकयात्री : दोन्ही रीती प्रचलित आहेत, आणि म्हणूनच डोळ्यांना सारखा दिसणारा शब्द शोधताना सापडत नाही.

प्रश्नकर्ती : चर्चा उद्बोधक आहे, पण मजकूर उद्या द्यायचा आहे. बटणावर काय लिहू?

साधीभाषा : आधी हे सांगा, त्या र ला नेमके काय म्हणतात?