हप्ता आणि खिळा

बरेच जण विचारतात की गृहकर्जाचा हप्ता सुरू झाल्यावर स्वतःच्या घराचा आनंद टिकतो का? माझ्यापुरतं सांगतो. आम्ही नाशिकमध्ये पाथर्डी फाट्याला वन बीएचके घेतला, त्याआधी नऊ वर्षं इंदिरानगरला भाड्याने, दर ११ महिन्यांनी अ‍ॅग्रीमेंट आणि भिंतीला खिळा ठोकायचा तरी मालकांना विचारा. चावी मिळाली त्या दिवशी फर्निचर-बिर्निचर काही नव्हतं, बायकोने दूध उतू घातलं, आई फरशीवरच मांडी घालून बसली आणि मी काय केलं तर एक खिळा ठोकला, उगाच, त्यावर अजून काही टांगलेलं नाही :)

बाल्कनीतून पांडवलेणीचा डोंगर दिसतो, पावसाळ्यात तर काय हिरवागार होतो, चहा गार होईपर्यंत बघत बसतो राव.

पैशाचं म्हणाल तर घर फक्त बायकोच्या नावावर केलं, बाईच्या नावावर घेतलं की स्टँप ड्युटीत १ टक्का सूट आहे आपल्या महाराष्ट्रात, आणि कम्प्लिशन सर्टिफिकेट, म्हणजे बांधकाम पूर्ण झाल्याचा दाखला, मिळालेली बिल्डिंग बघितली म्हणून जीएसटी पण नाही लागला, बांधकाम चालू असतं तर परवडणाऱ्या घरांत न मोडणाऱ्या फ्लॅटला ५ टक्के गेले असते. मित्र अजून चिडवतात, घर तुझं की वहिनींचं? हप्ता मात्र माझ्या खात्यातून जातो बरं का. पहिली दोन वर्षं हॉटेलिंग बंद, रविवारची मिसळ तेवढी चालू ठेवली, ती सोडणं काय जमलं नाही.