समुपदेशकाला एकट्यात सांगितलेलं बायकोपर्यंत जातं का?

पूर्वभागकर: सोलापुरात सात रस्त्याला कोणी शिंकलं तर अशोक चौकात रुमाल काढतात. अशा गावात नवराबायकोनं मिळून समुपदेशनाला जायचं, आणि नवऱ्याची दारू अन् हातउसनं कर्ज बायकोला अर्धंच माहीत. मग एकट्यात बसल्यावर सगळं खरं सांगावं का? ते तिला कळतं का? वहीत लिहिलेलं कोर्टात जातं का?

कलमवाचक: आधी समोर बसलेला माणूस कोण आहे ते बघा. मानसोपचारतज्ज्ञ किंवा नोंदणीकृत चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ (क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट) असेल तर मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, कलम २३ लागू. माहिती गुप्त ठेवणं त्यांना बंधनकारक आहे. अपवाद मोजके: इतर उपचार करणारे, कुणाच्या जिवाला धोका किंवा दुसऱ्या कुणाला इजेची भीती, सार्वजनिक सुरक्षा, मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाचा किंवा उच्च-सर्वोच्च न्यायालयासारख्या अधिकार असलेल्या यंत्रणेचा आदेश, आणि नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे उपचारांच्या निर्णयात मदतीला रुग्णानं नेमलेला माणूस.

हा शेवटचा अपवाद सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. तुम्ही कुणाचं नाव दिलं नसेल तर कलम १४ प्रमाणे ती जागा नातेवाइकाकडे जाऊ शकते, म्हणजे बहुधा बायकोकडेच. नको असेल तर साध्या कागदावर दुसऱ्या सज्ञान व्यक्तीचं नाव लिहून सही करा आणि त्या व्यक्तीची लेखी संमती घ्या. नाव पुढे बदलताही येतं.

नुसती 'समुपदेशक' अशी पाटी कुणीही लावतो. तिथे भरवसा संमतीपत्रावरच, म्हणून ते आधी वाचा, मग बोला. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाला भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका.

दोनखुर्च्या: जोडप्याच्या समुपदेशनात खरी अडचण कायद्याची नसतेच. काही समुपदेशक सुरुवातीलाच सांगतात, "एकट्यात सांगितलेलं मी जोडीदारापासून लपवणार नाही." काही जण लपवतात, पण मग पुढच्या बैठकीत अवघडून बसतात. पहिल्याच दिवशी, दोघांसमोर, हाच प्रश्न विचारा. पहिल्या पद्धतीचे असतील तर कर्जाचा आकडा तिथेच, त्यांच्या मदतीनं बायकोला सांगायचं ठरवा. तीन बैठकांनंतर तो बाहेर आला तर आधीच्या तिन्ही पाण्यात.

कोर्टाबद्दल: वकिलाशी झालेल्या बोलण्याला साक्षीच्या कायद्यात जे संरक्षण आहे ते समुपदेशकाच्या टिपणांना नाही. म्हणून टिपणात किती लिहिता ते विचारा. तारीख, मुद्दा, पुढचं काम एवढंही पुरतं. आणि अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं बोलण्यात आलं तर पोक्सोच्या कलम १९ प्रमाणे कळवावंच लागतं. तिथे गुप्ततेचा शब्द कुणीही देऊ नये.

मापात_सांगा: बाकी काहीही झाकलंत तरी दारूचा आकडा झाकू नका. "थोडी घेतो" यावरून डॉक्टरला काही कळत नाही. १८० मिलीची क्वार्टर म्हणजे सुमारे ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. रोज किती, किती वर्षं, शेवटची कधी, सकाळी हात थरथरतात का, हे सांगा. रोज पिणाऱ्यानं एकदम सोडली तर पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, पुढच्या दोनेक दिवसांत भ्रम. आकडा कमी सांगितला की गोळ्यांचा डोस त्या खोट्या आकड्यावर बसतो.

उलट बाजूही आहे. दारू सोडवायची गोळी घरचे भाजीत मिसळतात, रुग्णाला पत्ताच नसतो. त्यावर दारू घेतली तर रक्तदाब कोसळू शकतो. हे घरच्यांनीही डॉक्टरपासून लपवू नये.

काउंटरपलीकडे: बातमी फुटते ती बहुतेक खोलीबाहेर. नाव पुकारणारा काउंटर, घरच्या सामाईक मोबाइलवर येणारा भेटीचा मेसेज, यूपीआयच्या यादीत दिसणारं दवाखान्याचं नाव. नंबर स्वतःचा द्या, मेसेज नको म्हणा, पैसे रोख द्या. सिव्हिलला मनोविकार विभागात शिकाऊ डॉक्टर बसलेले असतात. एकट्यानं बोलायचंय, असं सांगता येतं. आणि सोलापूरच्या तेलुगू बोलणाऱ्या पूर्व भागातून येत असाल तर वहिनीला दुभाषी म्हणून नेऊ नका, तिच्यासमोर कोण खरं बोलणार?

आधी चाचपायचं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ मोफत आहे, चोवीस तास. मराठी, तेलुगू, कन्नड तिन्ही चालतात.

पूर्वभागकर: प्रतिनिधी म्हणून मित्र चालतो का?

कलमवाचक: चालतो. पण सही घेण्याआधी त्याला किती सांगायचं ते ठरवा. प्रतिनिधीला त्याच्या कामापुरती माहिती मिळू शकते.