शब्दचर्चा : टोनी गार्नियर आणि केसांचा गार्नियर

प्रश्न : आर्किटेक्चरच्या पुस्तकात टोनी गार्नियर हे नाव भेटलं. केसांच्या रंगाच्या पाकिटावर असतो तो हाच का? निदान घराणं तरी एक? आणि उच्चार नेमका काय?

उत्तर : फ्रेंच लोक अशा नावांतला शेवटचा 'र' गिळतात, म्हणून गार्निये. घराणं मात्र एक धरू नका. दोन जोशी लगेच भाऊबंद ठरत नाहीत. टोनी (१८६९–१९४८) फ्रान्समधल्या ल्यों शहराचा. ब्रँडवाला आल्फ्रेड आमूर गार्निये तिथल्याच ब्ल्वा गावचा. वनस्पतींच्या अर्काचं केसांचं लोशन त्याने १९०४ साली काढलं. आता तो ब्रँड लोरेआल (लॉरिअल) कंपनीकडे आहे.

गार्निये हे मुळात आडनाव नव्हेच, माणसाचं नाव. जुनं जर्मानिक 'वारिनहारी'. यातलं 'हारी' म्हणजे सैन्य (आपल्या हरीला यात ओढायचा मोह आवरा). जर्मनमध्ये त्याचा वेर्नर झाला, इंग्रजीत वॉर्नर, फ्रेंचमध्ये गार्निये. पॅरिसकडच्या बोलीत अशा 'व'चा 'ग' झाला. उत्तरेकडे 'व' टिकला आणि नॉर्मनांबरोबर इंग्लंडला गेला. पुढे इंग्रजीने पॅरिसचं रूपही उचललं. त्यामुळे मिक्सर विकताना दुकानदार "वॉरंटी आहे, गॅरंटी नाही" म्हणतो, तेव्हा एकच शब्द दोन बोलींतून बोलत असतो. हॉस्पिटलातला वॉर्ड आणि रेल्वेचा गार्ड हेही असेच सख्खे.

– पण दादा, टोनीने केलं काय, ते राहिलंच की.

– सांगतो, ताई. १८९९ साली 'प्री द रोम' ही शिष्यवृत्ती मिळवून स्वारी रोमला गेली. अपेक्षा होती प्राचीन अवशेष मोजून त्यांची चित्रं काढण्याची. हा पठ्ठ्या ३५,००० वस्तीचं नवं औद्योगिक शहर रेखाटत बसला! कारखाने एकीकडे, घरं दुसरीकडे, बांधकाम काँक्रीटचं. तुरुंग नाही, चर्च नाही, पोलीस ठाणंही नाही. ते आराखडे पॅरिसमध्ये मांडले गेले तेही १९०४ मध्येच, लोशनच्या साली. शहर कागदावरच राहिलं, पण ल्योंचे महापौर एदुआर एरिओ यांनी त्याला हॉस्पिटल, स्टेडियम, वसाहत, कत्तलखाना अशी भरघोस कामं दिली. मला त्यातला गुरांच्या बाजाराचा मंडप सर्वांत आवडतो : लोखंडी सांगाडा, ८० मीटर रुंदी आणि मधे एकही खांब नाही. गुरं केव्हाच गेली, आता तिथे गाण्याचे जलसे होतात. मंडपाला नाव त्याचंच आहे.

– पॅरिसचा ऑपेरा बांधला तो हाच ना?

– नाही हो, तो शार्ल गार्निये (१८२५–१८९८). त्याचा सोनेरी थाट आणि टोनीचं उघडंवाघडं काँक्रीट, काही मेळ नाही. मराठीत लिहिताना वास्तुविशारदांना 'गार्निये' लिहावं. दुकानात मात्र गार्नियरच मागा, नाहीतर भलतीच बाटली हातात पडेल.