तोतरेपणा नेमका कशाने येतो? पालकसभेच्या पत्रकासाठी कारणं तपासून हवी आहेत

बालवाडी_सिंहगडरोड:
तीन ते पाच वर्षांच्या मुलांच्या पालकसभेत वाटायला एक पानी पत्रक तयार करतेय. पालकांकडून, आणि त्याहून जास्त आजी-आजोबांकडून, येणारी कारणं ठरलेली असतात. घाबरला म्हणून, काकाची नक्कल करतो म्हणून, डावखुऱ्याचा हात बदलला म्हणून, घरी मराठी आणि शाळेत इंग्रजी म्हणून, जीभ खाली चिकटलीय म्हणून. यातलं काय मोडीत निघालंय आणि कशात तथ्य आहे, ते कारणासकट सांगा. ‘तज्ज्ञांना भेटा’ एवढ्यावर कोणी गप्प बसत नाही. आणि आरती घडाघडा म्हणणारं मूल ‘मला पाणी’ म्हणताना अडकतं, म्हणजे मुद्दाम करतं, असं म्हणणाऱ्यांना काय उत्तर द्यायचं?

वाचा_कात्रज:
आधी दोन प्रश्न वेगळे करा, निम्मा गोंधळ तिथेच मिटेल. अडखळणं सुरू का होतं हा एक. सुरू झालेलं एखाद्या दिवशी किंवा एखाद्या माणसासमोर वाढतं का, हा दुसरा. भीती, घाई, जागरण, घरात पाहुणे ही सगळी दुसऱ्याची उत्तरं. ती पहिल्याला चिकटवली की ‘पोराला कोणी घाबरवलं’ याची चौकशी सुरू होते आणि सहसा सांभाळणाऱ्या बाईंवर येऊन थांबते.

पहिल्याचं आजचं उत्तर मेंदूत आहे. बोलण्याचा आराखडा करणारा डावीकडचा भाग आणि ओठ, जीभ, स्वरयंत्र हलवणारा भाग यांना जोडणाऱ्या तंतूंची बांधणी तोतरेपणा असलेल्यांमध्ये सरासरीने थोडी कमी घट्ट दिसते. मोठ्या माणसांत उजवी बाजू जास्त राबताना दिसते, ती बहुधा भरपाई. शिवाय मेंदूत खोलवर बेसल गँग्लिया नावाचे भाग आहेत. एक हालचाल संपवून पुढची सुरू करायचा इशारा देण्यात त्यांचा वाटा असतो. तो इशारा वेळेवर पोचला नाही की तोंड पहिल्या आवाजावर अडतं किंवा तोच आवाज पुन्हा काढतं, असं मानलं जातं.

आरतीचं कोडं इथेच सुटतं. आरतीत शब्द पाठ असतात, ठेका झांजा-टाळ्या देतात आणि शेजारी दहा जण तेच म्हणत असतात. वेळेचा इशारा बाहेरून मिळतो. एकत्र म्हटलेले पाढे, रामरक्षा यांचंही तेच. ‘मला पाणी’ म्हणताना शब्द निवडायचा, वाक्य जुळवायचं आणि वेळही स्वतःच साधायची. मोठी मुलं हजेरीला स्वतःचं नाव सांगतानाच जास्त अडकतात, कारण नावाला दुसरा शब्द शोधून सुटका करून घेता येत नाही. यात मुद्दाम काही नसतं.

सुरुवात बहुधा दोन ते पाच वर्षांत होते, म्हणजे मूल दोन शब्दांवरून लांब वाक्यांवर जातं त्या काळात. साधारण ५ टक्के मुलं कधी ना कधी यातून जातात, मोठ्यांत प्रमाण १ टक्क्याच्या आसपास. बहुतेकांचं आपोआप सुटतं, मुलींचं अधिक. म्हणून लहानपणी मुलगे-मुली साधारण दोनास एक आणि मोठेपणी चारास एक असं दिसतं.

जनुकवाला:
वरचं बरोबर आहे, पण त्यातून ‘कुठे’ बिघडतं ते कळतं, ‘का’ ते नाही. ‘का’ मध्ये आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. एकसारख्या जुळ्यांत दोघंही अडखळण्याचं प्रमाण भिन्न जुळ्यांपेक्षा बरंच जास्त, तरी शंभर टक्के नाही. उरलेलं जनुकांबाहेरचं.

२०१० मध्ये अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या गटाने, पाकिस्तानातल्या कुटुंबांपासून माग काढत, जीएनपीटीएबी या जनुकातले बदल दाखवले. हे जनुक पेशीतला टाकाऊ माल मोडणारी विकरं (एन्झाइम्स) योग्य जागी पोचवण्याच्या कामातलं आहे. बोलण्याशी त्याचा काय संबंध, हा प्रश्न तेव्हा सगळ्यांनाच पडला. २०१६ मध्ये तोच बदल उंदरांत घातल्यावर पिल्लांच्या आवाजांत जास्त लांब खंड पडताना दिसले. पण असे बदल थोड्याच लोकांत सापडतात. बाकीच्यांत अनेक जनुकांचा थोडा थोडा वाटा धरावा लागतो, त्यामुळे रक्त तपासून ‘हे मूल अडखळणार’ असं सांगता येत नाही. तसं विकणारं कोणी भेटलं तर पैसे खिशातच ठेवा.

नक्कलेचं म्हणाल तर काका आणि पुतण्या दोघंही अडखळतात, यात नकलेपेक्षा रक्ताचं नातं जास्त बोलतं.

जुनी_कपाटं:
हात बदलण्याची गोष्ट अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातून आली. १९२०-३० च्या दशकांत तिथल्या ऑर्टन आणि ट्रॅव्हिस या संशोधकांनी मांडलं की मेंदूच्या कोणत्याच अर्ध्या भागाची बोलण्यावर पुरेशी पकड नसली की तोतरेपणा येतो, आणि डावखुऱ्याला उजवा करणं हे त्याचं एक कारण. हाताचा भाग पुढे टिकला नाही. दोन बाजूंच्या वाटणीचा प्रश्न मात्र वेगळ्या रूपात आजच्या स्कॅनमध्ये परत आलाय. तरी डावखुऱ्याला उजवं करू नकाच, त्याला दुसरी पुरेशी कारणं आहेत.

जिभेचं खूळ त्याहून जुनं. १८४१ मध्ये बर्लिनचा शल्यविशारद डीफेनबाख तोतरेपणासाठी जीभ कापत होता, आणि भूल देण्याची पद्धत तेव्हा यायची होती.

सगळ्यात जास्त नुकसान केलं ते वेंडेल जॉन्सनच्या सिद्धांताने, तोही आयोवाचाच. मुलाचं साधं अडखळणं आई-बाप ‘दोष’ ठरवतात आणि त्यातूनच तो दोष तयार होतो, असं त्याचं म्हणणं. १९३९ मध्ये त्याच्या देखरेखीखाली मेरी ट्यूडर या विद्यार्थिनीने २२ अनाथ मुलांवर प्रयोग केला. नीट बोलणाऱ्या काहींना ‘तू अडखळतोस’ असं सांगितलं. ती खरोखर तोतरी झाली नाहीत, बोलायलाच कचरू लागली. विद्यापीठाने २००१ मध्ये माफी मागितली. आईला दोष द्यायची सवय मात्र अजून गेलेली नाही.

बालवाडी_सिंहगडरोड:
मग दुर्लक्ष करा म्हणून सांगायचं की नाही? डॉक्टरसुद्धा ‘होईल आपोआप’ म्हणतात. आणि एका आजींनी वेखंड उगाळून चाटवायला सुरुवात केली आहे.

वाचा_कात्रज:
वेखंड आधी बंद. त्यात बीटा-असारोन नावाचं अपायकारक द्रव्य असतं आणि लहान मुलाला उलट्या होऊ शकतात. अमेरिकेत १९६८ पासून ते खाद्यपदार्थांत घालायला बंदी आहे. तसाही जिभेचा यात दोष नाही. जीभ खाली बांधलेली असेल तर र, ल असे ठरावीक आवाज रोजच बिघडतील. अडखळणारं मूल ओठांनी उच्चारायच्या प, म वरही अडकतं आणि तोच शब्द गाण्यात स्वच्छ म्हणतं.

दुर्लक्षाचा सल्ला जॉन्सनकडूनच आलाय, आणि तो खोटा ठरल्याचा पुरावा उपचारातूनच मिळतो. सिडनीत तयार झालेल्या लिडकोम्ब पद्धतीत पालक रोज थोडा वेळ ठरवून बोलतात, सरळ बोलण्याचं कौतुक करतात, मधूनच एखाद्या अडखळण्याचा हलका उल्लेख करतात आणि दिवसाची तीव्रता ० ते ९ मध्ये नोंदवतात. उल्लेखानेच तोतरेपणा येत असता तर मुलं बिघडली असती. २००५ च्या न्यूझीलंडमधल्या चाचणीत ती नुसती वाट पाहणाऱ्यांपेक्षा जास्त सुधारली. पण हे स्पीच थेरपिस्टकडून शिकूनच करायचं. मनाने केलं की कौतुक कमी आणि टोकणं जास्त होतं.

पत्रकात हे घाला. ‘मला मला ते हवंय’ असं अख्ख्या शब्दाचं सहज पुनरुच्चारण या वयात चालतं. ‘प-प-पाणी’, ‘स्स्ससफरचंद’, किंवा तोंड उघडं पण आवाज नाही, सोबत डोळे मिचकावणं, मान ताणणं, पाय आपटणं दिसलं तर थांबू नका. सुरू होऊन वर्षभर झालंय किंवा घरात कोणाचं मोठेपणी टिकलंय, तरीही थांबू नका. मुलगा असेल आणि सुरुवात साडेतीननंतरची असेल, तर मी आणखी लवकर बोलावते.

‘सावकाश बोल’, ‘श्वास घे’, ‘परत म्हण’ हे बंद. त्याऐवजी मोठ्यांनी स्वतःचा वेग कमी करायचा, मूल थांबल्यावर दोन सेकंद जाऊ द्यायची, एका वेळी एकच प्रश्न विचारायचा आणि त्याचं वाक्य आपण पुरं करायचं नाही. दोन भाषांमुळे तोतरेपणा येत नाही, घरची मराठी सोडायला सांगू नका. हॅलोपेरिडॉलसारख्या डोपामिन दाबणाऱ्या औषधांनी अडखळणं काही अंशी कमी होतं खरं, पण दुष्परिणाम पाहता बालवाडीतल्या मुलासाठी तो विषयच नाही.

शनिवारची_शाळा:
+१. भेटीला जाणाऱ्यांसाठी एक ओळ वाढवा. घरात खेळताना पाच मिनिटांचा मोबाइल व्हिडिओ काढून न्या, मुलाला न सांगता, आवाज स्पष्ट येईल इतक्या जवळून. या वयात चढ-उतार असतात, आणि क्लिनिकमध्ये मूल नेमकं सरळ बोलतं. थेरपिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी विचारायला लाजू नका. भारती विद्यापीठात वाचा-उपचाराचं कॉलेज आहे, तिथेही चौकशी करता येईल.

बालवाडी_सिंहगडरोड:
व्हिडिओची ओळ सगळ्यात वर घेते. आजींशी वेखंडाचं उद्याच बोलते.