मदत हवी आहे: भडंगाच्या पाकिटासाठी हाताने काढल्यासारखा फॉन्ट

मंडळी, सांगलीत आमच्या वहिनींनी घरगुती भडंग विकायला सुरुवात केली आहे. पाकिटावरचं नाव हसरं, गुबगुबीत, जरा वेडंवाकडं हवंय.

'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा 'मोदक' फॉन्ट लावून बघितला. नावाला झकास! अक्षरं इतकी फुगलेली की आतल्या पोकळीची नुसती चीर उरते, त्यामुळे 'भडंग' लांबूनही ठसठशीत दिसतं. पण घटक आणि वजन त्यातच लिहिलं की सगळं बुजतं. बारीक मजकुराला 'बालू २' घ्यावा का? त्यात ४०० ते ८०० असे जाड-बारीक प्रकार आहेत. की दोन्ही गोलमटोल एकत्र लावले तर गर्दी होईल? 'कलम' वाचायला चांगला, पण तो पत्राचा वाटतो, खाऊचा नाही. (तिन्ही मोफत आहेत, विक्रीच्या मालावरही चालतात, तो प्रश्न नाही.)

मराठी वळणाचे ल आणि श कोणत्या खेळकर फॉन्टात मिळतात? 'शेंगदाणे', 'लसूण' हिंदी वळणात बघवत नाहीत. आणि प्रेसवाले फाइल कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडतात. जोडाक्षरं फुटू नयेत म्हणून कर्व्ह करून (म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करून) देणं पुरे, की पीडीएफच द्यावी? प्लेट निघायच्या आत सांगा, प्लीज.