'इन्टॅक्ट सॉइल कोअर'ला मराठीत काय म्हणावं?

मृद्गंधा: शेतकऱ्यांसाठीच्या माहितीपत्रकाचं भाषांतर करतेय. शेतात पाइप ठोकून माती जशीच्या तशी काढायची, वरून पाणी सोडायचं, खाली किती नायट्रेट उतरतं ते मोजायचं. मी 'मातीचा अखंड नमुना' लिहिलं. तपासणाऱ्यांनी 'अविचलित' केलं, आणि 'लीचिंग'चं, म्हणजे पाण्याबरोबर अन्नद्रव्यं खाली वाहून जाण्याचं, 'निक्षालन'! कोणाला कळणार?

बांधावरून: घोळ 'नमुन्या'तच आहे. माती परीक्षणाचा नमुना म्हणजे रानात ठिकठिकाणी खड्डे घ्या, माती एकत्र कालवा, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाका, अर्धा किलो उरेपर्यंत. इथं कालवलीत की प्रयोग संपला. काळ्या रानात पाणी भेगांतून, गांडुळांच्या बिळांतून सुसाट खाली जातं. चाळलेल्या मातीत भेग कुठली?

रोपवाटिका: हुंडी म्हणा! रोपाच्या मुळांभोवतीचा मातीचा गोळा. 'पिशवी फाडताना हुंडी फुटू देऊ नका' असं रोज सांगतो आम्ही.

पैपाहुणा: लोक ती वटवायला बँकेत नेतील.

रोपवाटिका: ती हुंडी वेगळी. ही हंडीवरून आली असणार, गोल म्हणून.

तत्सम: असणार म्हणजे? आधार द्या. 'अविचलित'मध्ये वाईट काय आहे? प्रत्येक शब्द शेतातच उगवला पाहिजे का?

जुनापुराणा: इंग्लंडात रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात १८७० मध्ये लॉज आणि गिल्बर्ट या शास्त्रज्ञांनी २०, ४० आणि ६० इंच खोलीचे मातीचे ठोकळे जागेवरच ठेवले, खालून पोखरून आधार दिला, भोवती भिंती बांधल्या आणि झिरपलेलं पाणी मोजलं. माती उचललीच नाही. म्हणून 'ठोकळा' बरा.

तत्सम: पाइपातून निघतो तो दंडगोल. ठोकळा कसला!

मृद्गंधा: बरं, लीचिंगला 'अन्नद्रव्यांचा निचरा'?

बांधावरून: निचरा पाण्याचा. नत्र त्याच्याबरोबर जातं. आम्ही 'खत खाली उतरलं' म्हणतो. आणि लीचिंग दर वेळी नुकसानच नसतं हो, क्षारपड जमिनीत क्षार मुद्दाम धुऊन काढतात.

पैपाहुणा: निचरा म्हणजे चर काढून पाणी घालवणं. नि अधिक चर.

रोपवाटिका: धुतलेले तांदूळ रोवळीत निचरतात, तिथं कोण चर खणतं?

तत्सम: तांदूळ निथळतात.

रोपवाटिका: निथळतात ते कपडे. आमच्या कोकणात तांदूळ निचरतच ठेवतात.

मृद्गंधा: अहो, पत्रक उद्या छापायला जातंय…

पैपाहुणा: आमच्या घरी तर दोन्हीला 'उपसून ठेव' म्हणतात.